नव्या फिश टँकसाठी सोप्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या पाणवनस्पती कशा निवडाव्यात

नवी टाकी भरल्यावर पहिल्या महिन्याभरात पाणी हिरवट होते, काचेवर तपकिरी थर चढतो किंवा वाळूवर शेवाळाचे केस दिसू लागतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा फिल्टरला किंवा खाद्याला दिला जातो. कोल्हापुरात गेली बरीच वर्षे घरच्या आणि ओळखीच्या लोकांच्या टाक्या लावून देताना मला याचे मूळ सहसा एकाच ठिकाणी सापडले आहे. वनस्पती फार थोड्या लावलेल्या असतात, आणि ज्या लावलेल्या असतात त्या दिसायला सुंदर पण सावकाश वाढणाऱ्या असतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी स्वस्त, साध्या आणि भराभर वाढणाऱ्या वनस्पती घ्याव्यात आणि त्या पहिल्याच दिवशी दाट लावाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. वाळूत आणि फिल्टरमध्ये हळूहळू स्थिरावणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात, पण त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात अमोनिया मोकळाच राहतो आणि माशांना त्रासदायक ठरतो. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती तोच अमोनिया अन्न म्हणून उचलतात, किंबहुना बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी त्याकडेच वळतात. ज्या अन्नावर आणि उजेडावर शेवाळ पोसले गेले असते, ते अन्न आणि तो उजेड आधीच वापरला जातो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण उसाने एकदा रान झाकले की तण मागे पडते हे तो दरवर्षी पाहत असतो. टाकीतही रान लवकर झाकायचे असते.

वनस्पतींची यादी करण्याआधी आपले पाणी, उजेड आणि मासे या तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

शहराच्या नळाला येणारे पाणी नदीचे आणि धरणाचे असते, आणि बोअरच्या पाण्याच्या मानाने ते सहसा हलके असते. उपनगरांत आणि आसपासच्या गावांत बरीच घरे बोअरवर अवलंबून आहेत. तिथे बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा क्षार बसत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. जड पाण्यात वनस्पती वाढत नाहीत हा समज खरा नाही. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट या वनस्पती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्या उलट जोमाने वाढतात. कॅबोम्बाला मात्र ते जमत नाही. तिला मोकळा कार्बन डायऑक्साइडच लागतो, म्हणून जड पाण्यात तिचे शेंडे बारीक होत जातात आणि खालची पाने गळतात. नळाचे पाणी वापरताना क्लोरीनचा विचार करावा. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत, आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की ते एक रात्र निवळू देऊनच टाकीत घालावे.

उजेडाच्या बाबतीत खर्च करण्यापेक्षा शिस्त जास्त उपयोगी पडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी आपल्याकडे सर्रास मिळते. वाळू घालून आणि वरची जागा सोडून तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावते. या टाकीला साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो. पहिले दोन आठवडे तो दिवसाला सहा तास, आणि वनस्पतींनी जोर धरल्यावर आठ तास चालू ठेवावा. हे तास टायमरवर बांधून टाकावेत, कारण रात्री पाहुणे आले म्हणून बारापर्यंत जळत राहिलेला दिवा शेवाळालाच पोसतो. टाकी थेट उन्हात ठेवू नये. मार्च ते मे या महिन्यांत दुपारच्या उन्हाची तिरीप एक तास जरी काचेवर पडली तरी पाणी तापते आणि हिरवे होऊ लागते.

माशांविषयी इतकेच सांगतो की गप्पी, मॉली, प्लॅटी, टेट्रा आणि डॅनिओ यांच्यासोबत पुढे सांगितलेली कोणतीही वनस्पती टिकते. गोल्डफिश मऊ पाने खातो आणि वाळू उकरतो, त्यामुळे त्याच्या टाकीत हायड्रिला आणि कॅबोम्बा खाद्यच ठरतात. तिथे जाड पानांची अनुबियास लाकडाला बांधावी आणि मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावून तिच्या मुळांशी गोटे ठेवावेत.

आता प्रत्यक्ष वनस्पतींकडे वळू. सर्वात आधी हायड्रिला, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाहिलेली असते. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात नरसाळ्याखाली ठेवलेल्या आणि वरच्या परीक्षानळीत बुडबुडे सोडणाऱ्या फांद्या तिच्याच असत. ती मूळ आपल्या भागातली आहे, तिला खत लागत नाही, खास दिवा लागत नाही, आणि पोषक पाण्यात ती दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरही वाढू शकते. १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आणि पुढे तिने तिथली तळी आणि कालवे भरून टाकले. आजही तिथे तिच्या निर्मूलनावर मोठा खर्च होतो. टाकीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी हिच्याइतकी कामाची दुसरी वनस्पती मला माहीत नाही. पुढे मात्र तिचा गुंता होतो, तिचे ठिसूळ तुकडे सगळीकडे रुजतात आणि इतर वनस्पतींवर तिची सावली पडते, म्हणून पाणी स्थिर झाले की ती काढून टाकणे मी पसंत करतो. दुकानात हिच्यासारखीच दिसणारी एगेरिया किंवा ॲनाकॅरिस नावाची वनस्पती मिळते. फांदी बोटांच्या चिमटीतून शेंड्याकडून खाली ओढून पाहावी. हायड्रिलाच्या पानांच्या कडा खरखरीत लागतात, एगेरियाच्या मऊ लागतात. कामाला दोन्ही चालतात.

व्हॅलिस्नेरिया ही मागच्या काचेसाठी. हिरव्या फितीसारखी लांब पाने, तळाशी पांढरट कोंब, आणि वाळूखालून पळणाऱ्या धाग्यावर दर चार-सहा बोटांवर उगवणारी नवी रोपे असे तिचे रूप असते. सहा रोपे लावली तर काही महिन्यांत मागची बाजू भरते. तिच्याबाबत तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रोप खोल पुरणे: मुळेच फक्त वाळूत असावीत, पांढरा कोंब वाळूच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर तो कुजतो. दुसरी चूक म्हणजे वाढलेली पाने मध्येच कापणे. कापलेली कड तपकिरी पडते आणि विद्रूप दिसते, त्यापेक्षा जुने पान बुडापासूनच काढावे. तिसरी चूक म्हणजे शेवाळ घालवण्यासाठी लिक्विड कार्बन नावाने विकले जाणारे द्रव्य टाकणे, कारण त्याने व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला गळून जातात. लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जुनी पाने विरघळल्यासारखी होतात. कोंब घट्ट असेल तर रोप उपटू नये.

पण कोणतीही एकच वनस्पती निवडा असे कोणी म्हटले, तर मी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा निवडेन. तीही भारतातलीच. फिकट हिरवी, समोरासमोर जोडीने येणारी पाने आणि पेरापेराने वाढणारी कांडी असलेली ही वनस्पती नळाचे पाणी, बोअरचे पाणी, कमी उजेड, अधूनमधून झालेले दुर्लक्ष हे सगळे सोसते. तिची लागवड उसाच्या बेण्यासारखीच समजावी: शेंड्याकडचा वीतभर तुकडा कापून वाळूत खोचला की आठवड्याभरात खालच्या पेरांतून पांढरी मुळे फुटतात, आणि मागे राहिलेल्या बुडख्याच्या डोळ्यांतून सहसा दोन नवे फुटवे येतात. एका कांडीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत पाच-सहा कापण्यांत टाकी भरते. याच कुळातली वॉटर विस्टेरिया खोल कातरलेल्या पानांची असते, रुंद पसरते आणि मधल्या भागात शोभते. वेग साधारण तेवढाच.

पिसांसारखी नाजूक पाने हवी असतील तर अम्बुलिया घ्यावी, कॅबोम्बा नव्हे. दुकानात दोन्ही एकाच बादलीत आणि कधी एकाच नावाने ठेवलेल्या असतात, म्हणून फरक जवळून पाहून घ्यावा. अम्बुलियाची बारीक पाने कांडीभोवती चक्रासारखी सर्व बाजूंनी येतात. कॅबोम्बाची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पान छोट्या देठावर पंख्यासारखे उघडते. आपल्या पाण्यात आणि साध्या दिव्यात अम्बुलिया कितीतरी सुखाने राहते. दिवा बंद व्हायची वेळ जवळ आली की तिचे शेंडे हळूहळू मिटतात, आणि सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उलगडतात. टाकीत वनस्पती निरोगी आहेत की नाहीत हे मी रोज संध्याकाळी त्या मिटणाऱ्या शेंड्यांवरून पाहतो.

वाळूत न लावताही वाढणाऱ्या, तरंगत्या वनस्पतींचा गट नवशिक्याने अजिबात वगळू नये. हॉर्नवर्टला मुळेच नसतात. ती पाण्यात सोडली की काम सुरू करते. नव्या पाण्यात ती पहिल्या आठवड्यात सुयांसारखी पाने गाळते, ती जाळीने काढत राहावीत. गप्पी ग्रास हीसुद्धा तशीच, आणि गप्पींची पिल्ले लपायला तिच्यासारखी जागा नाही. वॉटर स्प्राइट हा पाण्यातला नेचा आहे. तो तरंगत ठेवला तर त्याची मुळे झालरीसारखी खाली लोंबतात आणि जुन्या पानांच्या कडांवरच नवी रोपे धरतात. तरंगणाऱ्या वनस्पतींना हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट मिळतो किंवा उजेड जवळून मिळतो, त्यामुळे त्यांचा वेग जास्त असतो. पृष्ठभागाचा निम्मा भाग मात्र नेहमी मोकळा ठेवावा.

तो मोकळा का ठेवावा हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. पंचगंगेच्या महापुरात पाणी उपसणारी केंद्रे बुडाली आणि शहरातले नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. आमच्याकडे वीजही जात-येत होती. टाकीचे पाणी बदलणे शक्यच नव्हते, कारण प्यायला पाणी टँकरवर मिळत होते. माशांचे खाद्य जवळजवळ बंद केले, आणि उजेड नसताना वनस्पतीसुद्धा प्राणवायू वापरतात हे लक्षात घेऊन पृष्ठभागावरचा अर्धा हॉर्नवर्ट बाहेर काढला. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी टाकीतूनच घेऊन हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहिलो. त्या टाकीत दीड वर्ष जुनी, दाट वाढलेली हायग्रोफिला होती. एकही मासा गेला नाही, आणि वीज आल्यावर तिसऱ्या दिवशी वनस्पती पुन्हा बुडबुडे सोडू लागल्या.

जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन आणि जावा मॉस या वनस्पती चिवट आहेत, सोप्याही आहेत, पण सावकाश वाढतात. त्यांची वेळ तीन-चार महिन्यांनंतर येते.

खरेदी करताना सर्वात मोठा धोका असतो तो पाण्यातली म्हणून विकल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या झाडांचा. मी सुरुवातीला एका दुकानातून जांभळ्या पानांच्या दोन जुड्या आणि पांढऱ्या रेघांचे गवत आणले होते. रंग फार छान दिसत होता. तीन आठवडे ती तशीच उभी राहिली, मग बुडापासून मऊ पडली, पाणी दुधाळ झाले आणि चार मासे गेले. लकी बांबू, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, मोंडो ग्रास, हेमिग्राफिस आणि रेघांची ड्रॅसिना ही सगळी कुंडीतली झाडे आहेत. पाण्याखाली ती जगत नाहीत, फक्त सावकाश मरतात. एक साधी परीक्षा अशी की जुडी पाण्यातून उचलून आडवी धरावी. पाण्याखाली वाढलेली कांडी लगेच ओल्या सुतासारखी मान टाकते. ताठ राहिली तर शंका घ्यावी, मात्र लगेच नाकारू नये, कारण हायग्रोफिलासारख्या काही पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेरही वाढवतात. तशा कांडीची जुनी पाने टाकीत गळतात आणि पेरांतून पातळ, वेगळ्या आकाराची नवी पाने येतात. तेवढा धीर धरावा. म्हणूनच नाव ओळखूनच घ्यावे, नुसते रूप पाहून घेऊ नये.

जुडीत शेंडे ताजे आहेत का, बुडाशी काळा चिकट भाग आहे का, पानांवर शेवाळाचे काळे झुपके आहेत का, हे तिथेच पाहावे. काळ्या झुपक्यांचे शेवाळ एकदा घरात आले की ते घालवण्यात महिने जातात, त्यामुळे अशी जुडी फुकट मिळाली तरी आणू नये. रंकाळ्यातून, ओढ्यातून किंवा विहिरीतून काढलेली वनस्पती थेट टाकीत घालू नये; तिच्याबरोबर जळवा, सांडपाण्यातले घटक आणि चतुराच्या अळ्या येऊ शकतात, आणि चतुराची अळी गप्पीचे पिल्लू पकडून खाते.

घरी आणल्यावर जुडीची रबरबँड आणि शिशाची पट्टी काढून कांड्या सुट्या कराव्यात. गोगलगायी नको असतील तर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती दोन-तीन तास ठेवाव्यात आणि मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून घ्याव्यात. गोगलगायीची अंडी पानाच्या मागच्या बाजूला पारदर्शक जेलीच्या ठिपक्यासारखी असतात. ती तुरटीनेही कधी वाचतात, म्हणून बोटाने पुसून काढावीत.

तळासाठी दोन-तीन मिलिमीटर दाण्याची, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली वाळू पुरते. जाडी पाच सेंटिमीटर. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, आणि ती पाणी सतत जड करत राहील. संगमरवराचे पांढरे खडे आणि शिंपले यांनाही हीच अडचण आहे. कांडीची खालची दोन पेरे पाने काढून मोकळी करावीत, लांब चिमट्याने ती तिरकी खोचावीत आणि चिमटा सैल करून हळूच बाहेर घ्यावा. सरळ ओढला तर कांडीही बरोबर वर येते. आठ-दहा कांड्यांची जुडी एकत्र खोचल्यास आतल्या कांड्या उजेडाविना कुजतात, म्हणून प्रत्येक कांडी स्वतंत्र आणि दुसरीपासून चार-पाच सेंटिमीटरवर लावावी. वर सांगितलेल्या टाकीत तळाचा सुमारे साठ टक्के भाग भरायला पन्नासएक कांड्या लागतात. दुकानदार तीन जुड्या पुरेत म्हणेल. त्या पुरत नाहीत.

मासे लगेच सोडू नयेत. नवे शेंडे वर आलेले दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावे, अमोनियाच्या किटवर पाणी तपासावे, मग चार-पाच मासे सोडावेत आणि पुढचे हप्त्याहप्त्याने. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे.

खताची गरज दोन महिन्यांनंतर भासते, आणि ती पानेच सांगतात. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून त्यांभोवती पिवळी कड आली तर पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी आहे. जुने पान सबंध पिवळे पडून गळत असेल तर नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी आहे. कोवळी पाने फिकट, जवळजवळ पांढरी येत असतील तर लोह कमी आहे. मासे असलेल्या टाकीत नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) खाद्यातून मिळत राहते, पालाश मात्र अपुरे पडते. त्यासाठी महागड्या बाटल्यांची आवश्यकता नाही. कृषी सेवा केंद्रात ०:०:५० या नावाने मिळणारे, पाण्यात विरघळणारे सल्फेट ऑफ पोटॅश २० ग्रॅम घेऊन ते अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे आणि ५५ लिटरच्या टाकीला आठवड्यातून एकदा २५ मिलिलिटर द्यावे. त्यातून लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम पालाश मिळते. युरिया कधीही टाकू नये, आणि १९:१९:१९ हे मिश्र खतसुद्धा नाही. त्यांतले नत्र टाकीत अमोनिया होऊन माशांना मारते. कोळंबी पाळली असेल तर शेतीचे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रणही टाळावे, कारण त्यात तांबे असते.

वनस्पती पृष्ठभागाला टेकल्या की कापणी सुरू करावी. साधारण पंधरा दिवसांनी वरचा अर्धा भाग कापून तो पुन्हा लावावा आणि बुडखे विरळ करावेत. कापून बाहेर काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर पाण्यातले नत्र आणि स्फुरद बाहेर जाते. कापणीच्या आठवड्यात काच किती स्वच्छ राहते हे एकदा पाहिले की हे काम कंटाळवाणे वाटत नाही. जादा झालेल्या कांड्या ओलसर कागदात गुंडाळून नवी टाकी लावणाऱ्याला द्याव्यात, सुरुवातीच्या पन्नास कांड्यांचा खर्च त्यामुळे त्याला पडत नाही.

उरलेला पाला मात्र रंकाळ्यात, कळंब्यात, पंचगंगेत किंवा घराजवळच्या नाल्यात कदापि टाकू नये. केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, आपली नदी आणि तळी किती वेळा झाकली आणि ते उपसण्यासाठी किती वेळा यंत्रे लावावी लागली, हे कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ती जलपर्णीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून जगभर नेलेली वनस्पती आहे. एगेरिया, कॅबोम्बा आणि तरंगती सॅल्विनिया यांचा एक तुकडाही वाहत्या पाण्यात पसरायला पुरेसा असतो. कापलेला पाला गच्चीवर गोणपाटावर पसरून चार-पाच दिवस कडकडीत वाळवावा, पावसाळ्यात झाकणाच्या बादलीत कुजवावा, आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळावा.